गुन्हेगारी आणि विषमतेवर लिहिताय? मग या चुका टाळा

समाजशास्त्रात गुन्हेगारी हा टॉपिक घेतला की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, गरिबी आणि बेरोजगारीमुळे गुन्हे वाढतात. मग पुढची वीस पानं त्याच वाक्याला टेकू देण्यात जातात. दुसऱ्या बाजूला असे लोक असतात ज्यांचं म्हणणं असतं की परिस्थिती वगैरे सगळ्या सबबी आहेत, ज्याला गुन्हा करायचाय तो करणारच. दोघं भांडतात खूप, पण अडकलेले असतात एकाच जागी. कारण गुन्हा म्हणजे काय हे कोणी ठरवलं, तो मोजला कोणी, आणि आपण एका माणसाबद्दल बोलतोय का वस्तीबद्दल का अख्ख्या समाजाबद्दल, हे दोघांनीही विचारलेलंच नसतं.

जे हा विषय शिकतायत, प्रोजेक्ट किंवा डेझर्टेशन करतायत किंवा नुसतंच मनापासून समजून घेऊ बघतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथे चूक झाली की फक्त मार्क जात नाहीत. एखाद्या वस्तीवर, एखाद्या जमातीवर, शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसावर आपण काय शिक्का मारतो ते पण यातूनच ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

गरिबी वाढली की गुन्हे वाढतात, हे गृहीत धरून सुरुवात करणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जुनी पण. गंमत म्हणून नाही, खरंच सांगतो, ही समजूत 1830 च्या दशकातच डळमळीत झाली होती. फ्रान्समध्ये तेव्हा कोर्टाचे आकडे नियमित छापायला लागले होते, आंद्रे-मिशेल गेरी आणि अडॉल्फ केतले या दोघांनी ते विभागवार मांडून पाहिले, तर चोरीसारखे मालमत्तेचे गुन्हे गरीब भागांपेक्षा उत्तरेकडच्या श्रीमंत, उद्योगधंदे असलेल्या भागांत जास्त निघाले. केतलेचं म्हणणं असं होतं की नुसत्या गरिबीपेक्षा शेजारी शेजारी असलेली श्रीमंती आणि गरिबी, आणि बऱ्या परिस्थितीतून अचानक हलाखीत येणं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आता अलीकडचं उदाहरण घ्या. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत बेरोजगारी 2009 मध्ये 10 टक्क्यांपर्यंत गेली, लाखो लोकांची घरं गेली, आणि तरी त्याच काळात तिथले हिंसक गुन्हे आणि चोऱ्या दोन्ही कमी होत राहिले. गरिबी थेट गुन्हा घडवत असती तर हे झालंच नसतं. आणि बायकांचं काय? जगभरात गरिबीचा बोजा बायकांवर कमी नाहीये, पण गुन्ह्यांत त्यांचं प्रमाण पुरुषांच्या मानाने सगळीकडेच खूप कमी आहे. एवढा एक प्रश्न विचारला तरी गरिबी बरोबर गुन्हा हे समीकरण तुटतं. कॅरोल स्मार्ट यांनी 1976 मध्ये नेमकं हेच दाखवलं, की गुन्हेगारीच्या थिअऱ्या पुरुषांना बघून लिहिल्यात, आणि बायकांचा विषय निघाला की हेच अभ्यासक समाजाबद्दल बोलणं सोडून बायकांच्या शरीराबद्दल आणि स्वभावाबद्दल बोलायला लागतात.

मग गरिबीचा संबंधच नाही का? आहे, पण वेगळ्या वाटेने. ज्युडिथ आणि पीटर ब्लाउ यांनी 1982 मध्ये अमेरिकेतल्या 125 मोठ्या महानगरी भागांचा डेटा तपासला तेव्हा असं दिसलं की उत्पन्नातली विषमता, त्यातही वंशाच्या आधारावरची विषमता हिशोबात घेतली की गरिबीचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ उरत नाही. म्हणजे खिशात किती आहे यापेक्षा कोणाच्या तुलनेत किती आहे, आणि ती दरी जन्मावरून ठरलीये का, हे महत्त्वाचं. सापेक्ष वंचितता म्हणतात ती हीच.

इथेच मर्टनचं नाव चुकीचं वापरलं जातं. रॉबर्ट मर्टनने 1938 च्या लेखात गरिबीमुळे गुन्हे होतात असं म्हटलेलंच नाही, उलट नुसती गरिबी पुरेशी नाही हे त्याने स्पष्ट लिहिलंय. त्याचा मुद्दा असा की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा आणि यश, पण तिथे पोचायचे सरळ रस्ते सगळ्यांना सारखे देत नाही. ही फट जिथे जास्त तिथे ताण जास्त. आणि त्या ताणातून माणसं पाच वेगवेगळ्या पद्धतीने वागतात, त्यातली गुन्ह्याकडे जाणारी वाट मुख्यतः एकच, ध्येय तेच ठेवून मार्ग बदलणारी. बाकी कोणी नियम पाळत राहतं, कोणी ध्येय सोडून फक्त रोजची पाटी टाकत राहतं, कोणी सगळ्यातूनच बाजूला होतं, कोणी व्यवस्थाच बदलायला निघतं. उत्तरपत्रिकेत हे पाचही प्रकार पाठ करून लिहिलेले असतात आणि त्याच्याच खाली गरिबीमुळे गुन्हे होतात हा निष्कर्ष असतो, म्हणजे थिअरी लिहिली पण वाचली नाही.

दुरुस्ती काय कराल? तुमच्या लिखाणात जिथे जिथे गरिबी हा शब्द आलाय तिथे थांबा आणि नक्की काय म्हणायचंय ते लिहा. उपाशी असणं, काम नसणं, शेजाऱ्याच्या मानाने मागे असणं, जातीमुळे किंवा वंशामुळे दार बंद असणं, वस्तीत सोयी नसणं, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत.

वस्तीचा आकडा माणसाच्या माथी मारणं

समजा तुमच्या डेटात असं आलं की ज्या वॉर्डात बाहेरून आलेले लोक जास्त त्या वॉर्डात चोऱ्या जास्त. यावरून बाहेरून आलेले लोक चोऱ्या करतात असं म्हणता येतं का? अजिबात नाही. चोरी करणारे जुने रहिवासी असू शकतात, चोऱ्या होतायत त्या बाहेरून आलेल्यांच्याच घरात असू शकतात, किंवा स्वस्त भाड्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वॉर्डात आल्या असतील.

हे फक्त तर्काने सांगत नाहीये. विल्यम रॉबिन्सन याने 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून हे दाखवून दिलं. राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी दिसत होती. माणसागणिक पाहिलं तर उलटं, परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. कारण साधं होतं, स्थलांतरित लोक जाऊन राहिले ते मुळात जास्त साक्षर असलेल्या राज्यांत. एकच जनगणना, एकच देश आणि फक्त लेव्हल बदलली तर निष्कर्ष पूर्ण फिरला.

शिकागोचा अभ्यास पण असाच चुकीच्या हाताने वापरला जातो. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शहराचे पट्टे पाडून बालगुन्हेगारीचे दर मांडले, त्यांचं मुख्य पुस्तक 1942 चं. मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून असलेल्या पट्ट्यात दर सतत जास्त. लोक इथपर्यंतच वाचतात आणि वस्ती वाईट म्हणून मोकळे होतात. खरी गोष्ट पुढे आहे. त्या पट्ट्यात राहणारे लोक दर काही दशकांनी बदलत होते, आधी जर्मन आणि आयरिश, मग इटालियन आणि पोलिश, आणि दर मात्र तसेच चढे. आणि जे गट तिथून बाहेर पडून दुसरीकडे राहायला गेले त्यांच्या मुलांचे दर उतरले. म्हणजे दोष त्या त्या लोकांच्या रक्तात किंवा संस्कृतीत नव्हता. सतत माणसं येतजात राहतात, कोणी कोणाला ओळखत नाही, संस्था टिकत नाहीत, अशा जागेच्या घडणीत तो होता.

रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी हाच धागा 1997 मध्ये पुढे नेला, शिकागोच्याच 343 परिसरांतल्या 8,782 लोकांशी बोलून. विचारलेले प्रश्न बघा किती साधे आहेत, पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही बोलतील का, भिंतीवर कोणी काहीबाही रंगवत असेल तर कोणी हटकेल का, इथल्या लोकांवर विश्वास ठेवता येतो का. जिथे उत्तरं होकारार्थी तिथे हिंसा कमी, आणि तितक्याच गरीब असलेल्या दोन वस्त्यांमध्ये सुद्धा यामुळे फरक पडत होता. पण म्हणून सगळा भार शेजाऱ्यांवर टाकू नका, कारण जिथे वंचितता एकवटलीये आणि लोकांना वारंवार घरं सोडावी लागतात तिथे हा विश्वास जमायला वेळच मिळत नाही, हेही त्याच अभ्यासात होतं.

पोलिसांचा आकडा म्हणजे गुन्ह्यांचा आकडा असं समजणं

एखादी घटना आकड्यात यायला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते बघा. आधी ज्याच्यावर बेतली त्याला तो गुन्हा आहे असं वाटलं पाहिजे. मग तक्रार करायची हिंमत पाहिजे, वेळ पाहिजे, पोलिसांवर थोडा तरी भरवसा पाहिजे. मग तिथे ती लिहून घेतली गेली पाहिजे, योग्य कलमाखाली. या प्रत्येक पायरीवर विषमता काम करते. ज्याची ओळख आहे, ज्याला नीट बोलता येतं, ज्याच्याकडे वकील आहे त्याची तक्रार वर चढते, रोजंदारीवरची बाई एका दिवसाचा पगार बुडवून येते आणि परत पाठवली जाते. जॉन किटसुझे आणि आरन सिकुरेल यांनी 1963 मध्येच सांगून ठेवलंय की सरकारी आकडे गुन्हेगाराच्या वागण्याइतकेच, किंबहुना जास्तच, नोंद करणाऱ्या यंत्रणेच्या वागण्याबद्दल सांगतात.

म्हणूनच अमेरिकेत 1972 पासून आणि ब्रिटनमध्ये 1982 पासून लोकांना थेट विचारायचे सर्व्हे सुरू झाले, गेल्या काही महिन्यांत तुमच्यासोबत काय काय घडलं आणि ते पोलिसांना सांगितलंत का. असे सर्व्हे जिथे जिथे झाले तिथे न सांगितलेल्या गोष्टींचा ढीग बाहेर आला.

आता ट्रबलशूटिंग. तुमच्या डेटात लैंगिक अत्याचाराचे आकडे अचानक वाढलेत? घाबरून परिस्थिती बिघडली असं लिहू नका, आधी बघा की त्या काळात कायद्याची व्याख्या बदलली का, तक्रार करणं सोपं झालं का, एखादी मोठी घटना घडून बायका बोलायला लागल्या का. खूपदा वाढलेला आकडा ही चांगली खूण असते. दोन प्रदेशांची तुलना करायचीये? खुनाचे आकडे त्यातल्या त्यात भरवशाचे, कारण प्रेत लपवणं अवघड असतं आणि खुनाची व्याख्या सगळीकडे साधारण सारखी. आणि एकूण संख्या कधीच वापरू नका, दर लाख लोकसंख्येमागे किती ते काढा, नाहीतर मोठी लोकसंख्या असलेला प्रत्येक प्रदेश तुम्हाला गुन्हेगारीची राजधानीच वाटेल. हे इतकं बेसिक आहे तरी बातम्यांमध्ये रोज चुकतं आणि तीच बातमी मग प्रोजेक्टमध्ये जाते.

तुरुंगातल्या कैद्यांच्या यादीवरून गुन्हेगारांचं चित्र काढणं ही त्याच चुकीची मोठी बहीण. तुरुंगात कोण आहे यावरून पकडलं कोण गेलं, जामीन कोणाला परवडला नाही, वकील कोणाला मिळाला नाही हे कळतं. गुन्हे कोण करतं हे त्यातून थेट कळत नाही.

फक्त रस्त्यावरचे गुन्हे डोळ्यासमोर ठेवणं

एडविन सदरलँडने 1939 च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन समाजशास्त्रज्ञांसमोर अध्यक्षीय भाषण केलं आणि सरळ विचारलं की गुन्ह्याचं मूळ गरिबीत असेल तर प्रतिष्ठित, सुशिक्षित, गब्बर माणसं धंदा करता करता जे गुन्हे करतात त्याचं काय. पांढरपेशा गुन्हेगारी ही कल्पना तिथून आली. नंतर त्याने अमेरिकेतल्या 70 सगळ्यात मोठ्या कंपन्यांची कुंडली काढली, कोर्टांनी आणि सरकारी आयोगांनी त्यांच्याविरुद्ध दिलेले 980 निर्णय जमा केले, सरासरी कंपनीमागे 14, आणि एकही कंपनी कोरी निघाली नाही. 1949 मध्ये हे पुस्तक आलं ते कंपन्यांची नावं गाळून, कारण प्रकाशकाला बदनामीच्या खटल्याची धास्ती होती. नावांसकट छापायला 1983 उजाडलं, सदरलँड तोपर्यंत कधीच गेला होता. खिसा मारणाऱ्या पोराचं नाव दुसऱ्याच दिवशी छापून येतं आणि सत्तर कंपन्यांची नावं छापायला चौतीस वर्षं लागतात, हे मला आजही अस्वस्थ करतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, त्यातले बहुतेक निर्णय फौजदारी कोर्टाचे नव्हतेच, दिवाणी किंवा आयोगाचे होते. म्हणून त्या काळी बऱ्याच जणांनी आक्षेप घेतला की याला गुन्हा म्हणताच येणार नाही. सदरलँडचं उत्तर होतं की नुकसान तेवढंच किंवा जास्त आहे, कायदा मोडलाय, फक्त या लोकांसाठी वेगळी, मऊ यंत्रणा बनवलीये. हा वाद तुमच्या लिखाणात आला पाहिजे. कामगारांचा पगार बुडवणं, भेसळ, सुरक्षेचे नियम डावलल्याने कारखान्यात गेलेले जीव, करचोरी, हे सगळं बाहेर ठेवून तुम्ही गुन्हा आणि वर्ग यांचा संबंध शोधलात तर गरीबच गुन्हेगार निघणार, कारण तुम्ही शोधलंयच फक्त तिथे.

कायदा तटस्थ आहे असं धरून चालणं

अमेरिकेत 1986 चा अमली पदार्थांचा कायदा बघा. क्रॅक आणि पावडर कोकेन हे एकाच पदार्थाचे दोन प्रकार. विक्रीच्या केसमध्ये क्रॅक 5 ग्रॅम असलं तर किमान 5 वर्षं तुरुंग, तीच किमान शिक्षा पावडरसाठी लागू व्हायला 500 ग्रॅम लागायचे. शंभरास एक. क्रॅकच्या केसेसमध्ये शिक्षा होणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. कायद्यात वंशाचा एक शब्द नाही आणि परिणाम मात्र वंशावरून पडतोय. 2010 मध्ये ते प्रमाण अठरास एकवर आणलं, समान तेव्हाही केलं नाही.

आणि ब्रिटिशांनी 1871 मध्ये आणलेला गुन्हेगार जमाती कायदा तर याहून उघड. त्यात अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या, रजिस्टरमध्ये नावं, हजेरी, गाव सोडायचं तर पास. म्हणजे एखाद्या पोराने काहीही करायच्या आधीच तो संशयित. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय मात्र तसाच राहिला. या जमातींबद्दल लिहिताना पारंपरिक गुन्हेगार असली भाषा आजही अभ्यासाच्या नावाखाली वापरलेली दिसते. ती वसाहती प्रशासनाची भाषा आहे, तुमच्या लेखात ती निष्कर्ष म्हणून येत असेल तर लगेच काढा.

लेबलिंग थिअरी अर्धीच समजणं

लेबलिंग म्हणजे समाजाने माणसावर मारलेला शिक्का. त्याबद्दलचं हॉवर्ड बेकरचं 1963 चं म्हणणं लोक असं सांगतात, चोर म्हटलं की माणूस चोर होतो. इतकं सरळ नाहीये. बेकर म्हणतो विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं, हा कृतीचा गुण नाही, ती लोकांच्या प्रतिक्रियेतून बनणारी गोष्ट आहे. त्याच्या आधी 1951 मध्ये एडविन लेमर्टने दोन टप्पे वेगळे केले होते, पहिला टप्पा म्हणजे कोणत्याही कारणाने एखादी गोष्ट हातून घडणं, ती तर जवळपास सगळ्यांच्याच हातून घडते, आणि दुसरा म्हणजे शिक्का बसल्यावर माणसाचं सगळं आयुष्यच त्या शिक्क्याभोवती फिरायला लागणं. लेबलिंगचा जोर दुसऱ्या टप्प्यावर आहे. पहिल्यांदा चोरी का केली हे तिला विचारू नका, ते उत्तर तिच्याकडे नाही.

विल्यम चँब्लिसचा 1973 चा अभ्यास इथे नीट बघण्यासारखा आहे. एकाच शाळेतले दोन ग्रुप, एकात चांगल्या घरची आठ पोरं, दुसऱ्यात गरीब घरची सहा. पहिला ग्रुप शाळा बुडवायचा, दारू पिऊन गाडी चालवायचा, रस्त्याच्या कामाजवळचे धोक्याचे कंदील काढून टाकायचा, ज्यात कोणाचा जीवही गेला असता. दुसरा ग्रुप मारामाऱ्या आणि छोट्या चोऱ्या करायचा. चँब्लिसच्या अंदाजाने कायदा मोडण्यात दोन्ही ग्रुप साधारण सारखेच. पण गावाच्या नजरेत पहिला ग्रुप सोन्यासारखी मुलं आणि दुसरा वाया गेलेला. का? पहिल्यांकडे गाड्या होत्या, ते धिंगाणा घालायला दुसऱ्या गावात जायचे, दुसरे गावातल्याच कोपऱ्यावर सगळ्यांसमोर उभे. पोलिसांनी अडवलं तर पहिले मान खाली घालून सर सर करायचे, दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर राग दिसायचा. वर्गविषमता इथे प्रत्यक्ष काम करताना दिसते, गाडी असणं, वेळ असणं, नम्रपणे बोलायची सवय असणं या साध्या गोष्टींतून.

आणि पुढे काय झालं तेही वाचा, लोक ते गाळतात. चांगल्या घरचे जवळजवळ सगळे शिकून मार्गी लागले. दुसऱ्या सहांपैकी दोघं खुनाच्या केसमध्ये तुरुंगात गेले, पण दोघांना खेळामुळे कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली आणि त्यांचं आयुष्य सरळ झालं. शिक्का म्हणजे नशीब नाही, कोणीतरी वेगळी ओळख हातात दिली तर तो पुसला जाऊ शकतो.

शिक्क्याचं वजन मोजून बघायचं असेल तर डेव्हा पेजरचा मिलवॉकीतला प्रयोग, 2003 मध्ये छापलेला. सारख्याच दिसण्याबोलण्याचे तरुण, सारखाच अनुभव, फक्त नोकरीच्या काही अर्जांत अमली पदार्थाच्या केसमध्ये 18 महिने तुरुंगात काढल्याची नोंद. गोऱ्या आणि कोरी पाटी असलेल्या उमेदवाराला 34 टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, गोरा पण तुरुंगाची नोंद तर 17. कृष्णवर्णीय आणि कोरी पाटी, 14. कृष्णवर्णीय आणि नोंद, 5. मधले दोन आकडे परत वाचा. काहीही गुन्हा न केलेल्या काळ्या माणसाला तुरुंगातून आलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी संधी. इथे कारण आणि परिणाम जोडणारा बाण उलटा पण फिरतो, विषमतेमुळे गुन्हा एवढंच नाही तर शिक्षेमुळे विषमता. प्रोजेक्टमध्ये बाण एकाच दिशेने काढला असेल तर अर्धीच गोष्ट सांगितली.

सगळ्या थिअऱ्या एकाच केसला चिकटवणं

डुर्खेम, मर्टन, सदरलँड, हिर्शी, बेकर, मार्क्सवादी, सगळे एका पाठोपाठ आणि शेवटी सर्वांचं थोडं थोडं बरोबर आहे. यातून काहीच कळत नाही, कारण हे लोक एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देत नाहीयेत, त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. डुर्खेम विचारतो गुन्हा नसलेला समाजच का सापडत नाही. मर्टन विचारतो ताण समाजरचनेत कुठून येतो. सदरलँड विचारतो गुन्ह्याची तंत्रं आणि त्याचं समर्थन माणूस कोणाकडून शिकतो. ट्रॅव्हिस हिर्शी 1969 मध्ये प्रश्नच उलटा करतो, बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत, आणि नाती, गुंतवणूक, रोजची कामं आणि श्रद्धा या चार धाग्यांकडे बोट दाखवतो. कोहेन आणि फेल्सन 1979 मध्ये गुन्हेगाराला बाजूला ठेवून संधीकडे बघतात, कारण दिवसभर घरं रिकामी राहायला लागली आणि उचलून नेण्यासारख्या महागड्या वस्तू वाढल्या की समृद्धीतही चोऱ्या वाढतात.

आधी तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा. या वस्तीत दर जास्त का, असा असेल तर शॉ-मॅके आणि सॅम्पसन. या मुलाने सुरुवात कशी केली, तर सदरलँड किंवा हिर्शी. याच मुलाला का पकडलं, तर बेकर आणि चँब्लिस. ही कृती गुन्हा का आणि ती का नाही, तर संघर्षवादी मांडणी, म्हणजे कायदा कोणाच्या हिताचा हे विचारणारी. एकावेळी दोन थिअऱ्या घ्या, ज्यांचे अंदाज एकमेकांच्या विरुद्ध जातात अशा, आणि तुमची केस कोणाच्या बाजूने झुकते ते दाखवा.

वय विसरू नका. पंधराव्या वर्षी गुन्ह्यात सापडलेली बहुतेक पोरं पुढे थांबतात. सॅम्पसन आणि जॉन लॉब यांना गुन्हेगारीचे आधीचे अभ्यासक ग्लुक दांपत्य यांचा जुना डेटा सापडला, बॉस्टनमधली 500 गुन्ह्यात अडकलेली आणि 500 न अडकलेली मुलं, आणि त्यातल्या काहींना त्यांनी सत्तरीपर्यंत गाठलं. टिकणारं काम आणि जोडीदाराशी घट्ट नातं मिळालं ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले, त्यांचं बालपण सारखंच खडतर असूनही. एकदा मुलाखत घेऊन कायमचा निष्कर्ष काढू नका.

समजावून सांगणं आणि पाठीशी घालणं यात गल्लत

समाजशास्त्रीय कारण सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे तुम्ही गुन्हेगाराची बाजू घेताय. आणि काही अभ्यासक खरंच तसं करतात, चोराला व्यवस्थेविरुद्धचा बंडखोर बनवून टाकतात. दोन्ही चूक. जॉन ली आणि जॉक यंग यांनी 1984 मध्ये आपल्याच डाव्या मित्रांना हे सुनावलं होतं, की रस्त्यावरच्या गुन्ह्याचा मार सगळ्यात जास्त गरीब वस्तीतल्या गरीब माणसालाच बसतो. ज्या बाईची महिन्याची कमाई रस्त्यात हिसकावली गेली तिच्यासाठी तो बंडखोर वगैरे काही नसतो. विषमतेचा अभ्यास करायचा तर तिचं भय पण विषमतेचाच भाग आहे, हे लिखाणात आलं पाहिजे. कारण शोधणं म्हणजे पुढच्या वेळी ते घडू नये यासाठी धडपडणं, त्यात त्या माणसाची जबाबदारी पुसली जात नाही.

फील्डवर्क अडलं तर

मुलाखती कोरड्या येतायत, सगळे एकच उत्तर देतायत, परिस्थितीमुळे केलं. बहुतेक वेळा दोष प्रश्नात असतो. गुन्हा का केलात असं विचारलं की समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो आणि कोर्टात दिलेलं उत्तरच तुम्हाला देतो. त्याऐवजी कसं झालं ते विचारा. त्या दिवशी सकाळी कुठे होतात, सोबत कोण होतं, आधी कोण काय बोललं, मग काय झालं. त्या तपशिलात मित्र, उधारी, अपमान, संधी सगळं आपोआप येतं.

पोलीस, वकील, दुकानदार यांच्याशी पण बोला, फक्त ज्याला पकडलं त्याच्याशी नको, नाहीतर यंत्रणेचा अभ्यास होतच नाही. बोलण्याच्या ओघात कोणी अजून उघड न झालेली गोष्ट सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा आणि तुम्ही काय गुप्त ठेवू शकता, काय नाही, ते आधी सांगा, हे मुलाखत सुरू करण्यापूर्वीच सांगितलेलं उत्तम. नावं बदलाच, पण तेवढ्याने भागत नाही. गल्लीचं नाव, वय, धंदा आणि केसचं वर्ष एकत्र आलं की वस्तीतलं कोणीही माणूस ओळखतं, म्हणून यातल्या किमान दोन गोष्टी ढोबळ करा, वय दहाच्या टप्प्यात, वर्ष सांगायचंच नाही. आणि रिपोर्ट जमा करायच्या आधी वस्तीचं नाव शीर्षकातून काढा. शीर्षक सगळ्यात आधी सर्चमध्ये येतं, आणि त्याच पत्त्यावरून कामासाठी अर्ज करणारी पोरं पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार असतात.